जॉर्जियात एमबीबीएस : दोन एकर विकून मुलीला पाठवावं का?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. कळंब तालुक्यात माझं छोटं कृषी सेवा केंद्र आहे, सोबत सात एकर शेती. थोरली मुलगी लातूरला क्लास लावून राहिली होती. २०२५ च्या नीटला दुसऱ्यांदा बसली, ७२० पैकी ३८८ पडले. सरकारी एमबीबीएस हुकलं. खासगी कॉलेजची फी ऐकून मी घरात विषयच काढला नाही. बीएएमएसचा फॉर्म तिने भरू दिला नाही. तेव्हापासून पोरगी घरीच आहे, पुस्तकं कपाटात आहेत, जेवणही धड करत नाही.

दिवाळीनंतर ओळखीतून एका कन्सल्टंटशी गाठ पडली. तो म्हणतो जॉर्जियाला पाठवा, तिबिलिसी शहर आहे, फी वर्षाला ४,००० डॉलर, सहा वर्षांचे सगळे मिळून २२ लाख. फेब्रुवारीची बॅच आहे, या महिन्याच्या ३१ तारखेच्या आत ५० हजार भरून सीट धरा म्हणतो. आणखी कमी पैशात हवं असेल तर किर्गिझस्तान आहे म्हणाला. रस्त्यालगतच्या दोन एकराला गिऱ्हाईक तयार आहे. बायकोची विकायला हरकत नाही, मीच अडून बसलोय.

तिकडून कुणी शिकून आलं असेल तर खरं काय ते सांगा. २२ लाखांत होतं का? ती डिग्री इथे चालते का? आणि एकटी पोर तिथे राहील का?

बार्शीकर

मांजराकाठ भाऊ, मी नीटच्या मुलांना केमिस्ट्री शिकवतो. २०२५ चा फिजिक्सचा पेपर फार जड होता, त्यामुळे त्या वर्षीचे ३८८ आदल्या वर्षीच्या ३८८ शी ताडून बघू नका. मुलीचे विषयवार मार्क काढा. बायोलॉजी चांगली असून नुसत्या फिजिक्सने मारलं असेल तर तिसऱ्यांदा बसण्यात अर्थ आहे.

आणखी एक. २०२४ पासून महाराष्ट्रात मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असाल, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेरीतून झाला तर. मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं आत्तापासून काढून ठेवा, ऐन वेळी तहसीलला खेटे घालावे लागतात.

उदगीरची मुलगी

काका, जमिनीचा व्यवहार आठ दिवस थांबवा. मी त्याच तिबिलिसीत शिकले. ऑक्टोबर २०१८ मध्ये गेले, जुलै २०२४ मध्ये पदवी घेतली, आणि आज मराठवाड्यातल्याच एका सरकारी रुग्णालयात इंटर्नशिपच्या चौथ्या महिन्यात आहे. माझे बाबा एसटीत वाहक होते. घर तारण ठेवून त्यांनी कर्ज काढलं. तुमची पोस्ट वाचली आणि नाइट ड्युटी उतरून तशीच लिहायला बसले.

आधी पैशाचं बघू. ४,००० गुणिले सहा म्हणजे २४,००० डॉलर. डॉलर आता नव्वदच्या घरात आहे, त्या हिशोबाने २१ लाख ६० हजार झाले. तुम्हाला सांगितलेले २२ लाख ते हेच. नुसती फी, आणि तीही आजचाच भाव सहा वर्षं राहील असं धरून. मी गेले तेव्हा डॉलर ७३ रुपयांना होता, शेवटच्या वर्षाची फी भरताना साडेत्र्याऐंशी. माझी फी डॉलरमध्ये एका पैशाने वाढली नाही, ५,५०० ची ५,५०० च राहिली, तरी बाबांना त्या एका वर्षी जवळपास ५८ हजार रुपये जास्त मोजावे लागले. राहण्याचं तर विचारूच नका. आम्ही चार मुली देलिसी मेट्रो स्टेशनजवळ भाड्याने राहायचो. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियातून हजारो लोक तिबिलिसीत आले आणि शहरभर भाडी भडकली. आमच्या घरमालकिणीने ४०० डॉलरचे ७५० केले. भाडं, जेवण, प्रवास धरून मुलीला महिना ३०० डॉलर लागतात असं समजा. सहा वर्षांचे २१,६०० डॉलर, म्हणजे आणखी साडेएकोणीस लाखांच्या आसपास. आकडा चाळीसच्या वर गेला, आणि यात विमानाची तिकिटं नाहीत, इन्शुरन्स नाही, परत आल्यावरचा क्लास नाही.

कर्जाचाही विचार करत असाल तर साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. हप्ता कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो. माझा जुलै २०२५ ला सुरू झाला, आणि इथली परीक्षा मी पास झाले तीही त्याच जुलैत. कमाई शून्य आणि हप्ता दारात. आजही विद्यावेतनातून अर्धा हप्ता निघत नाही, बाकीचा बाबांच्या पेन्शनीतून आणि भावाच्या पगारातून जातो.

डिग्री इथे चालते का, तर तेवढ्यावर चालत नाही. परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकून आलेल्यांची इथली परीक्षा, द्यावी लागते. वर्षातून दोनदा असते, ३०० प्रश्न, १५० बरोबर आले की पास. चुकीला मार्क कापत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं, पण अलीकडच्या परीक्षांत दर दहांतले सात-आठ जण नापास झाले आहेत. जानेवारी २०२५ ला मला १४१ पडले. नऊ मार्कांनी गेले. तो निकाल मी मोबाइलवर तीन वेळा उघडून बघितला. बाबांनी विचारलं, "बाळा, पुन्हा कधी असते?" एवढंच. दुसऱ्यांदा २६ जुलैला दिली, १६८ पडले.

मी नापास का झाले, हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. पैशाचं मी सांगितलं नसतं तरी कुणीतरी सांगितलंच असतं, पण हे कुठलाही एजंट सांगणार नाही.

आमच्या वर्गात सगळं इंग्रजीत. पुस्तकं इंग्रजीत, प्रोफेसर इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. एनएमसीची, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची, अटही तशीच आहे. पण पेशंटला कुठे इंग्रजी येतं? तो जॉर्जियनच बोलतो. चौथ्या वर्षी वॉर्डात जायला लागलो तेव्हा अठरा जणांची आमची बॅच एका खाटेभोवती उभी राहायची. पेशंट पाच मिनिटं बोलायचा, मॅडम त्याचं दोन वाक्यांत इंग्रजी करून सांगायच्या आणि पुढच्या खाटेकडे वळायच्या. मी उंचीने कमी, मागे उभी. मला पेशंटचे पाय दिसायचे. अख्खं एक सेमिस्टर मी मेडिसिनच्या वॉर्डात पेशंटचे पाय बघितले आहेत, काका.

मग पाचव्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीत घरी आले नाही, भाषा शिकले. जॉर्जियनला तेहेतीस अक्षरं, वळणदार लिपी. घरमालकीण आजीबाई होत्या, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून शिकले. तिथे भाकरीला, म्हणजे भट्टीतल्या ब्रेडला, 'पुरी' म्हणतात. पहिल्या दिवशी दुकानात पुरी मागितली आणि हातभर लांब गरम ब्रेड हातात आला तेव्हा आईला फोन करून सांगितलं होतं. आकडे मात्र मला झटकन आले, कारण त्यांची मोजणी आमच्या आजीसारखी विसांची. आजी गोवऱ्या 'दोन विसा, तीन विसा' अशा मोजायची. तिथेही चाळीसला 'ओरमोत्सी', म्हणजे दोन वीस. साठला 'सामोत्सी', तीन वीस.

पाचव्या वर्षी सर्जरीच्या वॉर्डात पोटदुखीची एक म्हातारी आली. मॅडम फोनवर होत्या. मी पुढे झाले आणि वय विचारलं. म्हणाली, "सामोत्सदातखुतमेती." तीन विसा आणि पंधरा, म्हणजे पंचाहत्तर. मला ते कळलं याचाच मला एवढा आनंद झाला! मग विचारलं, "साद ग्तकिवात, बेबो?" आजी, कुठे दुखतंय? तिने माझा हात धरला आणि स्वतःच उजव्या बरगडीखाली नेऊन ठेवला. दीर्घ श्वास घ्या म्हटलं. तिने श्वास घेतला आणि अर्ध्यातच अडकला, चेहरा आखडला. पित्ताशयाला सूज असली की असा श्वास तुटतो, हे मी पुस्तकात वीसदा वाचलं होतं. त्या दिवशी ते माझ्या बोटांखाली झालं. परीक्षेत त्यावरचा प्रश्न आला तर मला तो पाठ करावा लागणार नाही, मला ती म्हातारी आठवेल.

हे मला शेवटची दोनच वर्षं मिळालं. पहिल्या चार वर्षांचं भरून निघालं नाही. कोविडमध्ये तर मी उदगीरला बसून मोबाइलवर मायक्रोस्कोपच्या स्लाइड बघत होते.

आणि तिथे जे नसतंच ते वेगळं. आपली लसीकरणाची वेळापत्रकं, क्षयरोगाचा कार्यक्रम, सर्पदंश. इथल्या परीक्षेत ते सगळं येतं, आणि इथल्या कॅज्युअल्टीत तर रोज येतं. इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात फवारणी करताना विष अंगात गेलेला तरुण आणला. तोंडातून लाळ, घामाने भिजलेला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तुम्ही कीटकनाशकं विकता, तुम्हाला असे पेशंट ठाऊक असतील. माझ्या सहा वर्षांत मी असा एकही बघितला नव्हता. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, लाइन घ्या, ॲट्रोपिन द्यायचंय." माझी सुई दोनदा चुकली. तिसऱ्यांदा सिस्टरांनी स्वतः लावली. पेशंट वाचला. पण सरकारी कॉलेजचा माझ्याच वयाचा मुलगा शेजारी उभा होता, तो हे तिसऱ्या वर्षापासून बघत आलेला. त्या रात्री मी खूप रडले. नंतर त्या सिस्टरांनीच मला रोज सकाळी दहा-दहा पेशंटना आयव्ही लावायला बसवलं. आता हात बसलाय.

म्हणून एजंटला फी किती हे विचारण्याआधी विचारा : माझी मुलगी पेशंटला हात कधी लावेल, आणि त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलेल?

सोलापूरचे पालक

ताईने फार पोटतिडकीने लिहिलंय. माझा मुलगा युक्रेनमध्ये खारकीवला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला होता. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे त्याचा फोन आला, "आवाज येतायत, आम्ही खाली मेट्रोत जातोय." पुढचे सहा दिवस ही मुलं मेट्रो स्टेशनच्या फरशीवर झोपली. २ मार्चला दूतावासाने खारकीव लगेच सोडायला सांगितलं, तेव्हा पोरं बर्फातून चालत जवळच्या पिसोचिन गावाला गेली. आम्ही इकडे टीव्ही बंद करून फक्त फोनकडे बघत होतो.

तो सुखरूप आला, पण खरा घोर त्यानंतर लागला. एनएमसीचा नियम असा की कोर्स, ट्रेनिंग, तिथली इंटर्नशिप सगळं एकाच परदेशी विद्यापीठात व्हायला हवं. मध्येच दुसरीकडे जाता येत नाही. युक्रेनच्या मुलांसाठी सप्टेंबर २०२२ मध्ये मोबिलिटीची, म्हणजे उरलेलं शिक्षण दुसऱ्या विद्यापीठात करण्याची, सवलत दिली म्हणून आमचा मुलगा वाचला. ती खास युद्धामुळे होती. तुमच्या मुलीला दुसऱ्या वर्षी कळलं की कॉलेज बरोबर नाही, तर बदलायला वाट नाही. तेव्हा आधीच नीट बघा. दहावी-बारावीच्या मूळ कागदांच्या साक्षांकित प्रती घरी ठेवा. आमच्या मुलाचे मूळ कागद खारकीवच्या ऑफिसातच राहिले होते, ते मिळवायला आठ महिने लागले.

बिश्केक थर्ड इयर

मी किर्गिझस्तानात आहे, जळगावचा. खर्च जॉर्जियापेक्षा कमी येतो हे खरं. भाषेचं इथेही तेच, वॉर्डात रशियन किंवा किर्गिझ लागते. मे २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलांवर जमाव आला होता, त्या रात्री आम्ही दिवे घालवून दाराला कपाट लावून बसलो होतो. दूतावासाने बाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. आता शांत आहे, मी शिकतोय आणि मला पूर्ण करायचंय. पण काका, मुलीला पाठवताना फक्त कमी पैशाकडे बघून देश ठरवू नका एवढंच सांगेन.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उदगीरच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी बायकोला आणि मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. फवारणीचं वाचलं तेव्हा माझा आवाज बसला. मागच्या हंगामात आमच्या शिवारातलाच एक जण असा गेला, औषध माझ्याच दुकानातून नेलेलं होतं.

कन्सल्टंटला फोन लावला. चाळीस लाखांचा हिशोब सांगितला तर म्हणाला, "एवढं धरून चालाल तर कुणीच डॉक्टर होणार नाही." वॉर्डाचं विचारलं तर म्हणाला, ते कॉलेज बघून घेईल. ५० हजार भरले नाहीत. गिऱ्हाइकालाही महिनाभर थांब म्हटलंय.

मुलगी मात्र म्हणते, या ताई गेल्या आणि डॉक्टर झाल्याच की. तिला काय सांगू?

उदगीरची मुलगी

काका, ती बरोबर बोलतेय. मी झाले. मला गेल्याचा पश्चात्ताप नाही, आणि तिला जाऊच नको असं मी सांगणार नाही. पहिल्या दिवसापासून भाषा शिकली असती तर मी किती पुढे असते, हे माझ्या मनातून जात नाही, म्हणून एवढं लिहिलं.

जायचंच ठरलं तर कॉलेजकडून, एजंटकडून नव्हे, लेखी घ्या : कोर्स ५४ महिन्यांपेक्षा कमी नाही ना, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप देणार का, आणि ती डिग्री घेतल्यावर जॉर्जियन मुलांना जशी डॉक्टर म्हणून नोंदणी मिळते तशीच हिला मिळेल का. १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनी हे सगळं लागतं. मी आधीची असल्याने मला हे नियम नव्हते, तिला असतील. परत आल्यावर इथे परीक्षा आणि एक वर्षाची इंटर्नशिप आहेच, आणि प्रवेश घेतल्यापासून दहा वर्षांत सगळं आटोपावं लागतं. नीटचं गुणपत्रक लॅमिनेट न करता जपून ठेवा. तिथे शिकणाऱ्या पाचव्या-सहाव्या वर्षाच्या मुलांशी व्हिडिओ कॉल करा, आणि तो नंबर एजंटकडून घेऊ नका.

बार्शीकर सरांचं मात्र आधी ऐका. नीट मे महिन्यात असते, फेब्रुवारीच्या बॅचची घाई एजंटला आहे, तिला नाही. नीटचा स्कोअर परदेशासाठी तीन वर्षं चालतो. म्हणजे मे मध्ये पुन्हा बसली आणि नाहीच झालं, तर सप्टेंबरला याच ३८८ वर जाता येईल, हातातलं काही जात नाही. मधल्या काळात फिजिक्स करू द्या. आणि जायची मनापासून ओढ असेल तर रोज अर्धा तास ती तेहेतीस अक्षरं गिरवू द्या, मी शिकवेन.

येत्या रविवारी मला सुट्टी आहे. तिला घेऊन या. माझ्याबरोबर इथली सरकारी कॉलेजची एक मैत्रीण असेल, दोघींशी तिला हवं ते बोलू द्या, तुम्ही तोवर बाहेर चहा घ्या. आमच्या सिस्टरांनाही विचारून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "आण तिला, मी सांगते डॉक्टरकी काय असते ते."